वेगळे पेले

ज्यांनी हा हुकूम काढला, त्यांनी जानेफळच्या हॉटेलाबाहेर उभं राहून कधी चहा प्यायला नव्हता. प्यायला असता, तर इवल्या काचेच्या पेल्यांनी भरलेली ही थाळी इथं पाठवायची त्यांची हिंमत झाली नसती.

देवळाच्या आतल्या खोलीत रेव्हरंड जानराव तायडे थाळीकडे बघत होते. बाहेर देवळात रविवारची मंडळी येऊन बसली होती.

"आता सगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, पाळकसाहेब," बुलढाण्याहून थाळी घेऊन आलेले धर्मप्रांताचे सचिव म्हणाले. "इतर मंडळ्यांत प्रभुभोजनाचा द्राक्षरस ज्याला त्याला वेगळ्या पेल्यात देतात. रोगराईचाही प्रश्न नाही. तुम्ही फार जुनं धरून बसता."

"एक झालो, म्हणून पेले वेगळे?"

सचिव हसले नाहीत. "ऐकायचं नसेल तर इथं दुसरा पाळक येईल."

जानराव जुन्या अँग्लिकन वळणाचे होतेच, आणि त्याचा त्यांना ताठा होता. प्रार्थनापुस्तकातला एक शब्द त्यांनी कधी हलू दिला नाही. बिशपांचा हात डोक्यावर पडल्याशिवाय कोणाला प्रभुभोजन दिलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. भजनासाठी ढोलकी घेऊन आलेल्यांना दारातूनच परत धाडलं. आणि सगळ्यांनी एकामागून एक ओठ लावायचा हा चांदीचा प्याला! त्यांच्या बापाला हॉटेलात कानतुटका कप मिळायचा, बाहेर कोनाड्यात ठेवलेला. पिऊन झाला की आपला आपण विसळायचा. त्याच बापाने या देवळात पाटलाच्या घरच्या माणसाआधी या प्याल्याला ओठ लावले होते.

"वेगळा पेला आमाले नवा नाही, साहेब. माह्या बापानं तो जिंदगीभर धुतला."

पांढरा झगा सारखा करून ते बाहेर आले. सचिवांनी मागोमाग येऊन थाळी मेजावर ठेवली.

"काऊन हो पाळकसाहेब," पुढे गुडघे टेकलेल्या सिंधूताई म्हणाल्या, "आज औषध वाटून राह्यले का?"

जानरावांनी थाळी बाजूला सारली. प्याला उचलला.

महारवाड्यातल्या सिंधूताईंनी घोट घेतला. जानरावांनी काठ पुसला, प्याला पुढे नेला. पाटलाच्या घरच्या शेषरावांनी घोट घेतला. पुन्हा काठ पुसला. रांगेच्या टोकाला सचिव गुडघे टेकून होते. प्याला त्यांच्या ओठांपुढे आला, आणि त्यांची मान मागे गेली.

जानरावांचा हात हलला नाही. उभ्या आयुष्यात उपासनेत पुस्तकाबाहेरचा शब्द न काढलेला तो माणूस मंडळीला ऐकू जाईल असं बोलला,

"रोगाचं भेव वाटते, का आमचं? सांगा, साहेब."