भोंगा झाला

थोरल्या लेकीचं, शांताचं लग्न झालं त्या वर्षी कुशाबाला जबड्यात आणि आतड्यात असे दोन कॅन्सर निघाले. लालबागच्या त्यांच्या खोलीत घड्याळ नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला की बायको रखमा त्याला कळा थांबायचं औषध पाजायची. वेळेआधी तो थेंबही घेत नसे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी संप झाला, गिरण्या बंद झाल्या, भोंगेही थांबले. "एकानंही कामावर जायचं नाही," असं कुशाबा अंथरुणातूनच चाळीला बजावत होता. दुपारी मात्र तो कळांनी पिळवटून निघाला. दमलेली रखमा सवयीनं बोलून गेली, "भोंगा झाला. घ्या."

त्यानं औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"म्हणजे संप फुटला म्हण की."

"अहो, नाही हो! मीच चुकले."

"उगी समजूत नको घालू माझी."

कुशाबा त्याच संध्याकाळी वारला. गिरण्या बंदच होत्या.