न दुखणारी जागा

“ही मला पाणी टोचते,” सासूबाईंनी दवाखान्यातल्या सिस्टरला सांगितलं. सून शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

सिस्टरने हातातला रिपोर्ट पुन्हा पाहिला. रक्तातली साखर उतरायचं नाव घेत नव्हती आणि सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम भरत नव्हती. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. इन्सुलिनचा डोस वाढवूनही ढिम्म फरक नाही. म्हणूनच आजचं सकाळचं इंजेक्शन घरी न देता, इन्सुलिन टोचायचं पेन घेऊन दोघींना इथे बोलावलं होतं.

“काकू, पेन सीलबंद येतं. त्यात पाणी कोण कसं भरणार?”

“सील तोडणारे हात कुणाचे? मुलालाही सांगितलंय मी.”

सांगितलं होतं आणि ते मुरलंही होतं. हल्ली नवरा कामावर निघण्याआधी पेन उजेडात धरून बघायचा. बोलायचा काही नाही, नुसता बघायचा. सासूच्या साऱ्या टोमण्यांपेक्षा ते बघणं सुनेला जास्त झोंबायचं.

“घरी देता तसं करून दाखवा,” सिस्टर तिला म्हणाली.

सुनेने हात धुतले, पुसले. पेनवर कोरी सुई बसवली, थोडं औषध हवेत सोडून टोकाला थेंब येतोय ना, ते पाहिलं.

“बघा, रोज असं सांडते.”

“सांडायचंच असतं ते, काकू. आतली हवा निघते.”

सुनेने डोसचा आकडा लावला आणि पेन सासूबाईंच्या नाकासमोर धरलं. सासूबाईंनी चष्मा खालीवर करून तो वाचला. “सुई आत गेली की दहापर्यंत मी मोजते,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने. नाहीतर ही मधेच उपसेल.”

चूक काढायला कुठे जागाच नव्हती. संशयामुळे का होईना, या घरात सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं.

“कुठे टोचता?”

सासूबाईंनी कुडता जेमतेम चार बोटं वर केला. सुनेपुढे तो त्याहून वर कधीच जात नसे. सिस्टरने बेंबीच्या उजवीकडे चाचपून पाहिलं आणि तिचा हात तिथेच थांबला. कातडीखाली लिंबाएवढी टणक गाठ होती.

“रोज इथेच?”

“इथेच. इथे दुखत नाही. दुसरीकडे दुखतं, आणि हिच्यापुढे तोंड वाकडं करायची माझी तयारी नाही. तेवढंच तर बघायचंय हिला.”

सिस्टर सुनेकडे वळली. “तुमच्या हाताला गाठ लागली नाही?”

“लागली की.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून? जागा बदलू या म्हटलं असतं, तर मुद्दाम दुखवते म्हणाल्या असत्या. वाघ म्हटलं तरी खाणार, वाघोबा म्हटलं तरी खाणार. म्हटलं, घ्या इथेच.” सून हे ताठ मानेने बोलली, पण अंगठ्याच्या पट्टीकडे बघायचं तिने टाळलं.

दोघींमधून विस्तव जात नव्हता. सगळ्या घरात त्यांचं एकमत झालं होतं ते या एवढ्याशा जागेवर.

सिस्टर आता चिडली. “एकाच ठिकाणी टोचून टोचून ही गाठ झालीय. औषध तिच्यातच अडकून बसतं, रक्तात नीट जातच नाही. पाणी कुणी भरलेलं नाही, काकू. यापुढे गाठीला सुई लावायची नाही. रोज नवी जागा. कधी पोट, कधी मांडी.”

ती डॉक्टरांच्या खोलीत जाऊन आली. “डोस कमी केलाय त्यांनी. नव्या जागेतून औषध पुरतं लागू पडेल. जुनाच डोस दिला तर साखर एकदम खाली येईल. रोज तपासा. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच साखरेचं पाणी द्यायचं.”

“साखर? हिच्या हातून?”

“मग स्वतः उठून घ्या,” सून म्हणाली. “उठता आलं तर.”

तिने आकडा खाली आणला, पुन्हा दाखवला. सासूबाईंनी डावीकडून कुडता वर केला, चांगला वीतभर, आणि भिंतीकडे बघत मोजायला तयार झाल्या. सुई आत गेली.

“एक. दोन. ती… आई गं!”

इतके महिने जपलेलं तोंड पार वाकडं झालं. सुनेने ते पाहिलं. सगळंच्या सगळं पाहिलं. पण तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

“चार,” पुढचं तिनेच मोजलं. “पाच. सहा.” घाई न करता ती दहापर्यंत गेली आणि मग सुई सरळ बाहेर काढली.

सासूबाईंनी कुडता खाली ओढला. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी चष्म्याआड पुसलं.

“बघितलंत?” त्या सिस्टरला म्हणाल्या. “दुखलं. म्हणजे आज औषध होतं.”

सिस्टरने काही बोलायला तोंड उघडलं. सुनेने वापरलेली सुई जाड डब्यात टाकली, झाकण घट्ट फिरवलं आणि पेनला टोपण लावलं.

“उद्याही असेल,” ती म्हणाली.