लखलखीत जिना

परदेशात, टॅला गावी लेक यामिनीच्या फ्लॅटवर आल्यापासून वीणाताई रोज सकाळी साडेसहाला तिन्ही मजल्यांचा जिना झाडत, मग दाराशी चार बोटांची रांगोळी काढत.

"आई, सफाईचे पैसे भरतो आपण!"

"भरतेस गं, पण झाडणारा कधी दिसलाय का?"

घरमालकांच्या सभेत व्यवस्थापकाने देखभालखर्च दीडपट करण्याचा ठराव मांडला. यामिनीला तो झेपणारा नव्हता. पुरावा म्हणून त्याने पडद्यावर लखलखीत जिन्याचा फोटो दाखवला.

"आमची माणसं बघा किती राबतात!"

"फोटो जरा मोठा कराल?" यामिनी म्हणाली.

शेजारची म्हातारी ब्रीडा खुदकन हसली. "दारातली ती पांढरी फुलंही तुमचीच माणसं काढतात वाटतं?"

सगळे हात विरोधात वर गेले.

दुसऱ्या सकाळी वीणाताईंनी आपल्या दारापुरतंच झाडलं, रांगोळी रेखली आणि झाडू कपाटात ठेवून दिला.