दोन रकान्यांतली गोष्ट

लेकीने कॉम्प्युटर सुरू केला आणि आई खुर्चीच्या कडेवर येऊन बसली.

प्रोग्रॅम लेकीने स्वतः लिहिला होता, खास बाबांसाठी. त्याला पीडीएफ फाइल दिली की तो तिच्यातला मजकूर उचलून बाहेर काढायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. बाबांची नजर गेल्यापासून हे काम आईकडे होतं. दुपारी खिडकीशी खुर्च्या टाकून दोघं बसायची, ती वाचायची आणि ते ऐकायचे. आता तुझ्या घशाला आराम, असं लेक मोठ्या हौसेने म्हणाली. आईने हो बाई, म्हटलं खरं, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण आई वाचायची छान, पण छापलंय तसं वाचायची नाही. गोष्टीत कुणी मरायला टेकलं की तिला ते बघवायचं नाही. मग ती त्याला तिथल्या तिथे औषध लागू पाडायची. मोडलेले संसार जुळवायची, नोकरी गेलेल्याला परत कामावर घ्यायची, आणि हे सगळं डोळे कागदावर ठेवून, आवाजात जराही फरक न करता. ज्याला दिसत नाही अशा माणसाला आपण फसवतोय, हे तिला टोचायचं. पण शेवट ऐकून बाबा समाधानाने मान हलवायचे, की तिच्या मनाची टोचणी पळून जायची.

आणि आज बाबांनी पहिलीच गोष्ट मागितली होती ती शिवणकाम करणाऱ्या मुलीची. जुन्या मासिकातली. त्यात ती खलाशाची वाट बघत तापाने जाते. आईने तिचा ताप उतरवला होता, दोघांचं लग्न लावलं होतं, बंदराजवळ त्यांना खोली बघून दिली होती आणि शेवटी एक मुलगीसुद्धा दिली होती.

पहिल्या खेपेला प्रोग्रॅमला काही सापडलंच नाही. लेकीने पानं स्कॅन केली होती, म्हणजे फाइलमध्ये नुसते फोटो होते, त्यातून मजकूर कसा उचलणार? जुना कागद आहे, राहू दे, असं म्हणून आई हलक्या पावलांनी चहा टाकायला निघालीसुद्धा. पण लेक कुणाची! तिने फोटोतली अक्षरं ओळखायची सोय चालू केली, आणि कॉम्प्युटर खणखणीत आवाजात वाचू लागला.

“तिने त्याचा फोटो उशाशी घेतला आणि वॉशर बदलून घट्ट पिळून टाकला की डॉक्टरांनी मान खाली घातली तरी गळती आपोआप थांबते.”

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग बाबा असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. लेकीने पानावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पानावर दोन रकाने होते. डावीकडे गोष्ट होती आणि उजवीकडे गळका नळ दुरुस्त करायची माहिती, आणि प्रोग्रॅम मधली रेघ न जुमानता डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटला होता. हसून हसून आईच्या डोळ्यांना पाणी आलं. असंच असू दे की, किती छान आहे, असं तिने सुचवूनही पाहिलं. लेकीने ओठ दाताखाली धरून दोन रकाने वेगळे केले.

या वेळी कॉम्प्युटर नीट वाचू लागला. ताप चढला. डॉक्टर येऊन गेले. बोट धक्क्याला लागली, खलाशी धावत आला, तर खोलीला कुलूप होतं. शेजारणीने त्याच्या हातात त्या मुलीची कात्री ठेवली. गोष्ट तिथेच संपली.

आई फरशीकडे बघत बसली.

लेक मात्र हरखून गेली होती. एकही अक्षर चुकलं नव्हतं. बाबांनी तिची पाठ थोपटली आणि वाचणं सुरू करायचं, थांबवायचं बटण कुठलं ते विचारलं. त्यांचं बोट धरून तिने ते दाखवलं. त्यांनी ते दाबलं, थांबवलं, पुन्हा दाबलं. उद्यापासून पेपर मी माझा वाचणार, बँकेची पत्रंही मीच वाचणार, कुणाला हाक मारणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. नजर गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका फुललेला आईने पाहिला नव्हता. तिला भरून आलं. आता आपणच सांगून टाकलेलं बरं, असं तिला वाटलं.

“अहो,” ती म्हणाली, “ती गोष्ट मी तुम्हाला...”

“हा अंक घरी आला तेव्हा मला चांगलं दिसत होतं,” बाबा म्हणाले. “ती मुलगी गेली, हे मी तेव्हाच वाचलंय.”

म्हणजे इतके दिवस यांना सगळं ठाऊक होतं, आणि हे शांतपणे मान हलवत बसले होते! आईला राग यायला हवा होता, पण हसूच यायला लागलं.

बाबांनी हाताने चाचपून बटण दाबलं. कॉम्प्युटर गप्प झाला.

“पण तू वाचलंस त्यात त्या दोघांना मुलगी झाली होती,” ते म्हणाले. “तिचं पुढे काय झालं, ते राहिलंय.”

आईने खुर्ची पुढे ओढली. मासिक टेबलावरच राहिलं.

“ती ना,” आई म्हणाली, “भारी हट्टी निघाली. बंदरात बोट दिसल्याशिवाय घास म्हणून खायची नाही.”