बिनदाढीचा कप्तान

“काय दाजी, शेतात काही उगवलं का?”

भर चौकात एउतिमिओने आपल्या बहिणीच्या नवऱ्याच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. चौक खो खो हसला. सेलेदोनिओही हसला. दुसरं करणार काय? पणज्यापासून त्याच्या घराण्यात कुणाच्याच तोंडावर केस उगवला नव्हता. गाव त्यांना ‘बार्बिलाम्पिन्यो’ म्हणायचं, म्हणजे गुळगुळीत हनुवटीचे.

पण यंदा ही थट्टा त्याला झोंबली. उद्या सण. उद्या मूर, म्हणजे जुन्या काळी स्वारी करून आलेले मुसलमान, आणि ख्रिस्ती यांची लुटुपुटूची लढाई, आणि मूरांचा कप्तान व्हायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर आलेली. मूर कप्तानाला दाढी हवीच. बाजारातली नकली दाढी गावाला खपत नसे. केस गावातल्याच माणसाचे हवेत, हा दंडक. नाहीतर मान दुसऱ्याला. लसूण झाला, कोंबडीची चरबी झाली, सगळं हनुवटीवर चोळून झालं. वर ख्रिस्त्यांचा कप्तान हाच टवाळ मेहुणा! चिडवताना तो आपली छातीवर रुळणारी दाढी मुद्दाम कुरवाळत असे.

सणाच्या सकाळी बायकोने, कासिल्दाने, एप्रनच्या खिशातून काळीभोर दाढी काढली. बारीक जाळीवर एकेक केस ओवलेला.

“कुणाची गं?”

“गावातलीच आहे. हनुवटी पुढे कर, डिंक वाळतोय.”

घोड्यावरून जाताना सेलेदोनिओ दिसेल त्याची हनुवटी न्याहाळत होता. पाववाल्याची दाढी जागेवर. चांभाराचीही जागेवर. गच्च्यांवरून बायका ओरडत होत्या, “कप्तान शोभतोस रे!” त्याला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

चौकातल्या लाकडी किल्ल्यापुढे ख्रिस्ती कप्तान वाट बघत होता, शिरस्त्राणाची झडप खाली ओढून. लढाईत बंदुकांचे बार उडण्याआधी दोघांनी समोरासमोर बोलणी करायची, अशी रीत. झडप वर गेली. एउतिमिओची हनुवटी सोललेल्या अंड्यासारखी चकाकत होती.

सेलेदोनिओ पाठ केलेलं भाषणच विसरला.

“बघताय काय दाजी?” एउतिमिओ हळूच म्हणाला. “पीक तुमच्या शेतात जास्त शोभतंय. चला, लढा आता!”

त्या दिवसापासून गावात कुणी ‘बार्बिलाम्पिन्यो’ अशी हाक मारली, की दोघंजण वळून बघतात.