एकाच सर्व्हरवर

"हद्द झाली निर्लज्जपणाची!" उत्तराने माऊस आदळला. गिऱ्हाइकांकडे निघालेले तेरा केक रस्त्यात वितळत होते आणि तिच्या अ‍ॅपला नकाशाच मिळत नव्हता. 'मर्यादा संपली.' मिनिटाला ठरावीकच नकाशे मिळत; ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरला मिळून एकच, आणि शेजारची कुठलीशी साइट ती एकटीच गिळत होती.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्याला झापून तिने त्या साइटचा नंबर मिळवला. "सर्व्हर काय तुमच्या बापाचा आहे?"

"ताई, शाळेतून बोलतेय," पलीकडचा आवाज कापत होता. "सहलीची बस घाटात आहे, ड्रायव्हर फोन उचलत नाही. सगळे आईबाप नकाशावरचा ठिपका बघत बसलेत. आता तोही दिसेना."

उत्तराने पुन्हा होस्टिंगवाल्याला फोन लावला.

"माझं अ‍ॅप बंद करा," ती ओरडली, "आत्ताच्या आत्ता!"