पाठमोरा बाप

"शेवटचं पान सोडलं तर पुस्तक झक्कास झालंय, काका," संपादिका म्हणाली. "पण तिथेच घोडं पेंड खातंय."

म्हाताऱ्या चित्रकाराने मान वर केली नाही. तो वाटीतल्या पाण्यात ब्रश हलवत राहिला.

जंगलात सोडलेल्या भावंडांची जुनी परीकथा त्याने नव्याने केली होती. जंगलाच्या जागी बस स्टँड आला होता. "बिस्किटं संपायच्या आत येतो," असं सांगून बाप बसमध्ये चढतो. पुडा संपतो, पुस्तकही संपतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींसाठी ससे नि राजवाडे काढणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट आणली होती.

"बाप परत यायला हवा. पोरं वाचणार आहेत हे."

"तो येत नाही."

"अहो, येऊ दे की! हल्ली लांडगासुद्धा माफी मागतो."

तो हसला नाही. "बाकी काय हवं ते बदल. पण चित्रातल्या पोरीचा लाल बूट, सुटलेली नाडी, बाकावरचा सहाचा आकडा, हे तसंच ठेव. तिला आता नातवंडं असतील. त्यांना वाचून दाखवताना बघेल. ओळखेल."

इतके दिवस ओठांवर आलेलं संपादिकेने विचारून टाकलं.

"पुडा धरलेला हा मुलगा तुम्हीच ना?"

म्हाताऱ्याने ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. वाटीतलं पाणी गढूळ झालं होतं.

"मग तुमची ताटातूट कधी झाली?"

"झाली," तो म्हणाला. "नंतर खूप शोधलं गं. पण उशीर झाला होता."

तिला फार वाईट वाटलं. बाप परत आणायचा नाही, वरच्यांशी भांडावं लागलं तरी चालेल, असं तिने ठरवून टाकलं. पण चित्राचं काय? बाकावरची दोन्ही मुलं समोरून काढलेली, लांबून, इवलीशी. भोवती गोल कोपऱ्यांची करडी चौकट.

"हे मुलांच्या नजरेतून हवं, काका. त्यांना बापाची पाठ दिसतेय, असं. आणि ही चौकट कशाला? काढूनच टाका."

त्याने नवा कागद ओढला. पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. कागद कोराच राहिला.

"नाही जमत. ती पाठ डोळ्यांसमोर येतच नाही."

"असं कसं? आयुष्यभर तीच तर आठवत असेल तुम्हाला." तिने स्टूल जवळ घेतलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "डोळे मिटा बघू. बस सुटली. काय दिसतंय?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"खिडकीतून?" तो म्हणाला. "दोघं हात हलवताहेत."